कोबी-पेरूचं कुरकुरीत क्रीमी स्लॉ, तळाला पाणी न साचू देता

स्लॉ म्हणजे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीला घट्ट ड्रेसिंग लावून केलेलं गार सॅलड. ते बिघडतं ते एकाच गोष्टीनं, पाण्यानं. ड्रेसिंग कितीही भारी करा, महागातलं मेयो (मेयोनेझ) आणा, फळं निवडून निवडून घ्या, पण कोबीतलं पाणी आधी काढलं नाही तर अर्ध्या तासात भांड्याच्या तळाला पांढरं पांढरं पाणी साचतंय आन वरचा कोबी लिबलिबीत. कोबीत जवळजवळ ९२ टक्के पाणीच असतंय, फळांचं तर विचारूच नका. आपल्या मराठवाड्यात एरवी टँकरची वाट बघायची अन् इथं मात्र पाणी हाकलायच्या मागं लागायचं, असा सगळा उलटा कारभार आहे. पण तेवढं एक जमलं की बाकी काहीच अवघड नाही, ना गॅस पेटवायचा ना फोडणी.

पाच-सहा जणांचं प्रमाण सांगते. कोबी अर्धा किलो, म्हणजे मध्यम गड्ड्याचा अर्ध्याहून जरा जास्त भाग. एक गाजर, एक मोठा कडक पेरू, एक सफरचंद, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, मूठभर द्राक्षं. ड्रेसिंगला पाऊण वाटी चक्का, चार मोठे चमचे मेयो, एक छोटा चमचा मोहरी, एक लिंबू, दोन छोटे चमचे पिठीसाखर, मिरेपूड, मीठ. वरून टाकायला मूठभर भाजलेले शेंगदाणे. बास. कांदा ज्याला पाहिजे त्यानं घालावा, मी घालत नाही, कारण दोन तासांनी सगळ्या भांड्याला कांद्याचाच वास मारतो आन फळं गेली कुठल्या कुठं. सिमला मिरचीचंही तेच मत माझं.

आता गड्डा कसा घ्यायचा. आठवडी बाजारात भाजीवाला म्हणतो ताई सगळे सारखेच हायेत, उचला कोणताबी, पण सारखे नसतात. दोन गड्डे सारख्या आकाराचे हातात घ्या, जो जड लागतो तो घ्यायचा, जड म्हणजे आत पानं घट्ट बसलेली. दाबून बघा, दबला तर ठेवून द्या. बुडखा बघा, पांढरा-ओलसर असला तर ताजा, काळपट-सुकलेला असला तर दोन-चार दिवसांचा शिळा. थंडीतला कोबी गोडसर असतो, स्लॉला तोच चांगला. एप्रिल-मे मधला कोबी ढिला अन् उग्र लागतो, तेव्हा करायचंच असलं तर ड्रेसिंगमधी साखर अर्धा चमचा वाढवायची आन लिंबू हात राखून.

वरची दोन-तीन पानं काढून टाका, गड्ड्याचे चार भाग करा आन मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, आत एखादी अळी असली तर बाहेर येते. कच्चंच खायचंय ना, त्यामुळं इथं आळस नको, नंतर साध्या पाण्यानं धुवायचं आन पालथं घालून निथळू द्यायचं. चिरायच्या आधी धुवायचं, चिरून धुतला की कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरतंय.

चिरायला माझं मत विचाराल तर विळी. फूड प्रोसेसर सोयीचा आहे खरा पण तो कोबी कापत नाही, चेचतो, ब्लेड जरा बोथट असलं तर भांड्यातच रस सुटलेला दिसतो. किसणीचं तर नावच काढू नका. विळीवर पाव गड्डा आडवा धरायचा, कापलेली सपाट बाजू पात्याकडं, आन नुसतं पुढं ढकलत राहायचं, जोर लावायचा नाही. पातं चांगलं असलं तर चर्र चर्र असा बारीक आवाज येतो आन पोह्याइतक्या पातळ लांब दोऱ्या खाली पडत जातात. शिरांना आडवं कापलं पाहिजे, उभं कापलं की त्या जाड शिरा दातात चिवट लागतात. मधला दांडा काढून टाकायचा पण फेकायचा नाही, त्याचे पातळ काप मीठ-लिंबू लावून तिथंच खायचे, लई गोड लागतात. विळी नसली किंवा बोटांची काळजी वाटत असली तर मोठी धारदार सुरी घ्या, वेळ जास्त लागेल पण काम तसंच होतंय. गाजर मात्र किसलं तरी चालतं, जाड किसणीनं.

आता मीठ. ही पायरी बहुतेक जण गाळतात आन मग म्हणतात हॉटेलसारखं होत नाही. अर्धा किलो चिरलेल्या कोबीला एक छोटा सपाट चमचा मीठ आन अर्धा चमचा साखर लावायची, हातानं हलकंच वरखाली करायचं, आन चाळणीत टाकून खाली पातेलं ठेवून अर्धा तास विसरून जायचं. मीठ कोबीच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढतंय. अर्ध्या तासानं कोबीचा ढीग बसलेला दिसेल आन पातेल्यात हिरवट पाणी. मग मूठ मूठ घेऊन हलक्या हातानं पिळायचं, लोणच्याच्या कैऱ्या पिळतात तसं अंगातली ताकद लावून नाही, नाहीतर दोऱ्या चपट्या होतात. एक दोरी तोंडात टाकून बघा, खारट लागली तर गार पाण्यातून एकदा काढा आन परत कोरडी करा. खाली जमलेलं पाणी मोरीत ओतू नका, भाकरीच्या किंवा थालीपिठाच्या पिठात जातंय ते, फक्त पिठात मीठ घालताना लक्षात ठेवायचं.

पिळून झालं की स्वच्छ सुती पंचात कोबी बांधायचा, गाठ घट्ट मारायची आन गच्चीत किंवा अंगणात जाऊन गरगर फिरवायचं, दहा-बारा वेढे. पोरांना हे काम द्या, ती लई खुशीनं करतात आन भिंतीवर थेंबांची नक्षी उमटते ती वेगळी. हे झाल्यावर कोबी हाताला कोरडा लागला पाहिजे. गाजराचा कीसही त्याच पंचात शेवटी दाबून घ्या.

काही जण मीठ न लावता चिरलेला कोबी बर्फाच्या पाण्यात ठेवतात. तेही बरोबरच आहे पण त्याचा उपयोग वेगळा. बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत कोबी पाणी पिऊन ताठ होतो, ताटात घेतल्या घेतल्या खाल्लं तर असला कुरकुरीतपणा मिठाच्या पद्धतीत येत नाही, पण प्यायलेलं पाणी ड्रेसिंग लागलं की परत सोडतो. म्हणजे पाहुणे पानावर बसलेलेच असले तर बर्फ, आन सकाळी करून दुपारी खायचं असलं, डब्यात न्यायचं असलं, शेतावर न्यायचं असलं तर मीठ. दोन्ही एकदम करू नका.

जांभळा कोबी हल्ली शहरात मिळतो, दिसायला भारी, पण तो रंग सोडतो आन लिंबू लागलं की गुलाबी होतो, सगळं ड्रेसिंग गुलाबी. घालायचाच तर पाव भाग, वेगळा मीठ लावून, वेगळा पिळून, अगदी शेवटी.

फळांकडं येऊ. इथं आपण मराठवाड्यातले लोक नशीबवान आहोत, हिवाळ्यात पेरू, बोरं, डाळिंब, द्राक्षं सगळं एकदम बाजारात असतंय. नियम एकच, फळ कडक पाहिजे. पेरू पिकून पिवळा झालेला नको, बाहेरून हिरवट, दाबला तर दबत नाही असला. चार फोडी करून मधला बियांचा गर चमच्यानं खरवडून काढायचा, कारण क्रीमी घासात बी दाताखाली आली की सगळी मजा जाते, आन उरलेल्या जाड सालीकडच्या भागाच्या काडीपेटीच्या काड्यांएवढ्या पट्ट्या करायच्या. तो बियांचा गर तिखट-मीठ लावून पोरांच्या हातावर ठेवायचा, विषय संपला. सफरचंद कापलं की काळं पडतं, म्हणून कापून लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात पाच मिनिटं, मग पुसून घ्यायचं. साल काढू नका, रंगही येतो आन करकरीतपणाही. सफरचंद महाग वाटत असलं तर ॲपल बोर घ्या, ती मोठी हिरवी बोरं असतात ती, गर कापून घेतला की सफरचंदाचं काम अर्ध्या पैशात होतंय आन माझ्या जिभेला तर जास्तच आवडतंय. गावरान बोरं मात्र यात नको, ती उन्हात बसून मीठ लावून खायची वस्तू.

द्राक्षं अर्धी करायची आन कापलेली बाजू खाली करून पंचावर पाच मिनिटं ठेवायची. डाळिंबाचे दाणे धुतले असतील तर पुसून, आन शेवटी.

जालन्याची मोसंबी घालायचा मोह होईल, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हक्काची मोसंबी, पण जरा जपून. बी आन पांढरा पापुद्रा दोन्ही कडू, आन रस काढून ठेवला तर तोही थोड्या वेळानं कडवट होत जातो. त्यामुळं फोडी पूर्ण सोलून, आतला गर तेवढा काढून, निथळवून, ताटात वाढताना वरून ठेवायच्या, मिसळायच्या नाहीत. उन्हाळ्यात पेरू-बोरं नसतात तेव्हा केसर कैरी, किंवा पाडाला लागलेला अर्धकच्चा केसर आंबा, लांब पट्ट्या करून. हे तर थंडीतल्या स्लॉपेक्षा भारी लागतं असं आमच्या घरातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. कैरी घातली तर ड्रेसिंगमधलं लिंबू पूर्ण वगळा.

अन् काय नाही घालायचं ते नीट ऐका. ताजा, न शिजवलेला अननस, किवी, पपई आन ताजं अंजीर, या फळांमधी दुधातलं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतंय, दह्या-चक्क्यात मिसळून ठेवलं की थोड्या वेळात कडू लागायला लागतं आन ड्रेसिंग पातळ होतं. अननस पाहिजेच असला तर डब्यातला घ्या किंवा फोडी दोन-चार मिनिटं उकळून गार करून, उष्णतेनं ते एन्झाइम मरतं. कलिंगड म्हणजे नुसतं पाणी, नको. केळं नको. सीताफळाला तर कोबीच्या शेजारीसुद्धा ठेवू नका, बीड-धारूरकडचं चांगलं सीताफळ मिळालं तर रबडी करा ना बापा.

ड्रेसिंग. चक्का घरचा असला तर फुल क्रीम म्हशीच्या दुधाचं अर्धा किलो दही मलमलच्या कपड्यात बांधून टांगायचं, तीन-चार तासांत लागेल तेवढा चक्का निघतो, थोडा उरतोही. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबट ढोण होतं, चाळणीत ठेवून वरून वजन ठेवून फ्रीजमधीच. नुसतं दही वापरू नका, परत पाण्याचा प्रश्न आलाच.

मोहरी हा माझा खास मुद्दा आहे. बाटलीतला मस्टर्ड सॉस आणायची काही गरज नाही, आपल्याकडं मोहरी फेसायची पद्धत आहेच की, जुन्या बायका कोशिंबिरीला अन् लोणच्याला फेसतातच. एक छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक कुटायची, दोन चमचे गार पाणी घालून चमच्यानं जोरात फेटत राहायचं, फेस येतो, रंग पिवळट पांढरा होतो, आन वाटीवर नाक नेलं की डोळ्यातून पाणी. पाच-दहा मिनिटं तशीच ठेवायची. मोहरीचा झणका हा कुटल्यावर गार पाण्यात तयार होतो, त्यामुळं पाणी गरम वापरलं किंवा आधीच लिंबू पिळलं तर तो झणका येतच नाही, नुसता कडवटपणा राहतो. आधी पाणी, मग थांबायचं, मग लिंबू. हा क्रम पाळा.

मेयो विकतचं घेतलं तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा, एगलेस सगळीकडं मिळतं. अंड्याचं घरी करणाऱ्यांनी कच्च्या अंड्याचा विचार करावा, साल्मोनेला नावाच्या जंतूचा धोका असतो, आन आपल्या हवेत तर जास्तच. शेजारच्या तेलंगणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं कच्च्या अंड्याच्या मेयोवर वर्षभराची बंदी घातली होती, देगलूर-नांदेडकडच्यांना आठवत असेल. घरी करायचं तर दुधाचं करा, सोपंय. उंच अरुंद भांड्यात अर्धी वाटी गार फुल क्रीम दूध, एक वाटी रिफाइंड तेल, चिमूट मीठ, हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करायचा आन पंधरा-वीस सेकंद अजिबात हलवायचा नाही, खालून पांढरं घट्ट होत वर येताना दिसतं, मग हळूहळू वर-खाली. शेवटी अर्धं लिंबू, की आणखी आवळतं. घाण्याचं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल यात वापरू नका, भाजीला ते एक नंबर, पण इथं त्याचा वास सगळ्यावर चढतो.

मग चक्का, मेयो, फेसलेली मोहरी, पिठीसाखर, मिरेपूड एकत्र घोटून घ्यायचं आन लिंबू चव बघत बघत. मीठ सगळ्यात शेवटी, कारण कोबीला आधीच लागलंय. घट्टपणा श्रीखंडापेक्षा उलीसा पातळ, चमचा तिरका केला की धार न लागता गोळा पडला पाहिजे. आत्ता जरा जास्तच घट्ट अन् जास्तच आंबट-गोड वाटलं तर घाबरू नका, कोबीत मिसळल्यावर ते बरोबर होतं. ड्रेसिंग अर्धा तास फ्रीजमधी.

एकत्र करताना सगळं ड्रेसिंग एकदम ओतायचं नाही. मोठं परातीएवढं भांडं घ्या, कोबी-गाजर टाका, निम्म्यापेक्षा जरा जास्त ड्रेसिंग घाला आन दोन चमच्यांनी खालून वर उचलत मिसळा. दहा मिनिटं थांबा. मग बघा, प्रत्येक दोरीला पातळ लेप बसलेला दिसला तर झालं, कोरडं वाटलं तर अजून एक-दोन चमचे. लेप पाहिजे, आंघोळ नको. त्यानंतर पेरू, सफरचंद, द्राक्षं, एकदाच हलवायचं. वाढताना डाळिंब आन शेंगदाणे.

शेंगदाण्यांचं कूट घालू नका, हे कोशिंबिरीच्या सवयीनं हात आपोआप कुटाच्या डब्याकडं जातो म्हणून सांगायलेय. बारीक कूट ओलावा पिऊन चिखल करतं. शेंगदाणे खमंग भाजून, साल काढून, नुसते दोन-दोन तुकडे करायचे. भाजलेले तीळ चालतात. कारळाची चटणी चिमूटभर भुरभुरून बघा, रंग जरा काळपट येतो पण चव आपली वाटते. आन फोडणीचा मोह आवरा, गरम तेल मेयोवर पडलं की ते फुटतं. हिंग-मोहरीची फोडणी पाहिजेच असली तर मेयो सोडा, चक्क्याचंच करा, आन फोडणी पूर्ण गार झाल्यावर घाला.

पहिल्यांदा वाढलं की घरातले वडीलधारे लोक ताटाकडं संशयानं बघणारच. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिला घास घेऊन विचारलं होतं, "अगं, ही कोशिंबीर हाय का शिकरण?" आन मग वाटी पुढं केली, अजून दे म्हणून. त्यांच्यासारख्यांसाठी साखर कमी आन एक हिरवी मिरची बारीक चिरून, चालून जातं.

कशासोबत खायचं म्हणाल तर तिखटजाळ काहीही. ज्वारीची कडक भाकरी आन ठेच्याच्या बाजूला गार स्लॉ, एकदा करून बघाच. संभाजीनगरच्या नान-खलियासोबतही हे जमतं, त्या लाल तर्रीच्या रश्श्यानंतर तोंडाला गारवा येतो, फक्त ज्यांच्याकडं मटणासोबत दही खात नाहीत त्यांनी चक्क्याच्या जागी सगळं मेयोच घ्यावं, आन एखादा चमचा लिंबू जास्त. हुरडा पार्टीला न्यायचं असलं तर कोबी एका डब्यात, फळं दुसऱ्यात, ड्रेसिंग स्टीलच्या डब्यात बर्फावर, आन शेतात गेल्यावरच मिसळायचं. हुरड्यासोबत दही-चटण्या असतातच, तिथं ही एक वाटी पहिल्यांदा संपते.

उन्हाळ्याचं एक ध्यानात ठेवा. पारा चाळिशी पार असताना दही-मेयोचं कुठलंही काम तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, थंडीत दोन तास. लग्नाकार्यात मोठ्या पातेल्यात करून टेबलावर ठेवतात ना दुपारभर, ते खाऊच नका. जास्त लोकांसाठी करायचं असलं तर कोबी आदल्या रात्री मीठ लावून, पिळून, कोरडा करून हवाबंद डब्यात फ्रीजला टाका, ड्रेसिंगही रात्रीच, फळं मात्र सकाळी, आन मिसळायचं थोडं थोडं, पातेलं संपत येईल तसं. लाईट जायचा भरवसा नसला तर डबे फ्रीजच्या आत मागच्या बाजूला ठेवायचे आन दार उघडायचं नाही.

उरलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रीजमधी टिकतं, पण फळं मऊ पडतात, म्हणून खाली साचलेलं पाणी निथळवून ब्रेडमधी घालून सँडविच करायचं, तव्यावर भाजायचं नाही, गारच. आन ड्रेसिंग न लावलेला पिळलेला कोबी उरला असला तर त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, तिखट, सकाळचं कोबीचं खारं पाणी घालून थालीपीठ लावा, मीठ वेगळं घालायची गरज पडत नाही.